ओतणाऱ्याचा पेला

रोम, मुहर्रमची नववी, हिजरी १३४९

उम्म राकान, तुला सलाम.

हे पत्र मुल्ला हुमैद वाचून दाखवतील. मुल्लासाहेब, अक्षर वाईट आहे, पण ते तुमच्याच छडीखाली गिरवलंय, तेव्हा निम्मा दोष तुमचा. जे लिहिलंय तेवढंच वाचा, मध्ये उपदेश घालू नका. आणि माझ्या बहिणीनं कागद हिसकावून चुलीत टाकला, तर तिला एवढंच सांगा की जदान जिवंत आहे आणि ज्या कामाला गेला ते विसरलेला नाही.

तू दारात काय म्हणालीस ते अजून कानात आहे. "माझ्या नवऱ्याला ज्यांनी किल्ल्यात कोंडलं त्यांनाच कॉफी पाजायला निघालास? जा. परत आलास तर पाण्यालासुद्धा विचारणार नाही." मी उलट बोललो नाही, कारण बाहेर सुलतानाचा स्वार घोडा धरून उभा होता आणि त्याला कान होते.

आता बोलतो. तुझ्या मुतलकनं केलं काय? अबू हरमलला आपल्या विहिरीवर उंट पाजले आणि पलीकडच्या रानात चरायला सोडले. आजोबाही तेच करायचे. मध्यंतरी इंग्रजांनी नकाशावर रेघ ओढली, रान त्यांच्याकडं गेलं, विहीर आपल्याकडं राहिली. उंटांना रेघ कोण दाखवणार? त्यांच्या शिपायांनी अडवलं, मुतलकनं हवेत एक बार काढला. तेवढ्यावर सुलतानानं त्याला आत टाकलं, कारण मुलाला परमुलखात पाठवायचं होतं आणि पाठवण्याआधी तिकडच्यांचं मन राखायचं होतं.

त्याला सोडवणारा शब्द दोनच तोंडांतून निघू शकतो. एक सुलतान. त्यांच्या दारापर्यंत आपल्यासारखा पोचत नाही. दुसरा हा त्यांचा मुलगा, अमीर जर्राह. त्याच्याबरोबर जायला कॉफी ओतणारा हवा आहे असं कळलं आणि मी उठलो. दिवसातून कितीतरी वेळा मी त्याच्या हाताशी उभा असतो. त्याच्या बोटातली अंगठी सैल आहे हेही मला दिसतं. म्हणून आलो. पगारासाठी नाही.

इथली एक गंमत ऐक. काल इथले एक मोठे मंत्री अमीरला भेटायला आले. पोट एवढं, की खुर्चीला घाम फुटला असेल. मी पेला दिला. त्यांनी ओठ लावला, तोंड वाकडं केलं आणि पेला तसाच खाली ठेवला. झालं! पाहुण्यानं पेला न पिता खाली ठेवला की त्याला काही मागायचंय आणि यजमानानं ते द्यायचंच, ही आपली रीत तुला मी सांगायला नको. अमीरचा हात आपोआप छातीवर गेला. "प्या, ज्यासाठी आलात ते दिलं." दुभाषे शुक्री एफंदी दमास्कसचे, फार तयार माणूस. ते इतक्या जोरात खोकले की मला वाटलं गेले. मग मंत्र्यांना इटालियन बोलीत काहीतरी सांगितलं. नंतर म्हणाले, "मी सांगितलं, अमीरसाहेब म्हणतात आज उकाडा फार आहे. साहेब, यांना आपली कॉफी कडू लागते, दुसरं काही नाही. तुम्ही असं देत सुटलात तर घरी जाताना आपल्याकडं वाळूच उरेल."

अमीर हसला. पण हसताना त्यानं त्या पेल्याकडं पाहिलं, ते मी पाहिलं. वाईट माणूस नाही, उम्म राकान. हे मुल्लांनी दोनदा वाचावं.

तुझा भाऊ,
जदान


पॅरिस, मुहर्रमची अखेर

उम्म राकान,

उत्तर नाही. नसू दे. मी लिहिणार.

हे पत्र शुक्री एफंदींच्या सरकारी थैलीतून जातं, म्हणून जास्त लिहीत नाही. अमीरसाहेब दीर्घायू होवोत, सगळीकडं त्यांचा फार मान आहे. वाजंत्री, सलाम्या, गालिचे. त्यांना तोफा दाखवल्या, मोटारी बनतात ते कारखाने दाखवले. एका बागेत पिंजऱ्यात उंट दाखवला. उंटाच्या अंगावर खरूज होती. पहारेकरी फह्हाद म्हणाला, "याचा गुन्हा काय होता?"

मी मुतलकचा विषय काढायला गेलो होतो. सकाळी अमीर एकटाच खिडकीशी बसला होता. मी पेला दिला आणि म्हटलं, "अमीरसाहेब, दीर्घायू व्हा, एक गोष्ट..." तेवढ्यात मागून मरजाननं माझं मनगट धरलं. मरजान म्हणजे आमचा म्हातारा, जो कॉफीचे दाणे भाजतो, कुटतो, उकळतो. तो अमीरच्या आजोबांपासून आहे. त्यानं मला आत ओढलं.

"ओतणाऱ्याला हात असतो, पोरा. तोंड नसतं."

"मग मी कसं मागायचं?"

"मागायचंच नाही."

"पाहुणा पेला ठेवतो तसा मी ठेवला तर?"

"तू पाहुणा आहेस? पहिला पेला भरून सगळ्यांदेखत कोण पितो? तू. का? विष नाही हे दाखवायला. तुझा घोट आधीच पोटात गेलेला असतो. ज्यानं पिऊन टाकली त्याला ठेवायला उरतं काय?"

तो बत्ता घेऊन बसला आणि कुटायला लागला. इथल्या हॉटेलवाल्यांना तो आवाज सोसत नाही, वरून खालून भिंती ठोकतात. मरजान त्यांच्या ठोक्यावर ठोका धरतो.

पुढचं गाव लंडन. मुतलकवर तक्रार तिथल्याच लोकांची. तिथं काहीतरी होईल असं माझं मन सांगतंय.

जदान


लंडन, सफर महिना

उम्म राकान, हे पत्र थैलीतून येत नाही. आपल्याकडचा एक खलाशी इथल्या गोदीत भेटला, तो घेऊन येईल. म्हणून मोकळं लिहितो. मुल्लासाहेब, दार लावून वाचा.

अबू शामा आठवतो? गालावर तीळ असलेला तो इंग्रज कप्तान, ज्याला आपल्या लोकांनीच हे नाव दिलं. अबू हरमलच्या विहिरीशी त्याचा तंबू होता. तापानं फणफणला होता तेव्हा तू त्याला उंटिणीचं दूध पाठवलंस आणि मुतलक त्याच्या उशाशी बसला. तो इथं आहे! रेघेच्या कामाचा सगळा कारभार त्याच्याकडं आहे. अमीरला भेटायला आला, मी पेला दिला, त्यानं प्यायला, पुरे म्हणून दोन बोटांत हलवून परत दिला, अगदी आपल्यासारखा. आणि माझ्याकडं बघून आपल्याच बोलीत म्हणाला, "काय रे, मुतलकचा मेव्हणा ना तू? इतका लांब कुठं आलास उंटाची शेपटी सोडून?"

जाताना त्याला जिन्यात गाठलं.

"अबू शामा, तू आमच्या घरचं खाल्लंस."

"खाल्लं."

"मुतलक किल्ल्यात आहे. तुझ्याच लोकांच्या तक्रारीवरून."

"माहीत आहे मला. वाईट झालं."

"मग उद्या तू पेला ठेव. मला ठेवता येत नाही, तुला येतो. बाकीच्यांचा ठेवलेला पेला अमीर आता धरत नाही, कडू लागली समजतो. पण तुला आपली रीत येते, आपली बोली येते. तू ठेवलास तर त्याला 'दिलं' म्हणावंच लागेल. मुतलकला माग. तुमचीच तक्रार, तूच सोडव म्हटलंस तर सुलतानही ना म्हणणार नाही."

तो कठड्यावर बोटं वाजवत उभा राहिला. मग म्हणाला, "बाकीच्यांचा धरत नाही म्हणतोस. आणि माझा धरेल?"

"धरेल. तुझा धरल्याशिवाय त्याला तोंड दाखवता येणार नाही."

"बरं," तो म्हणाला. "उद्या येतो."

उद्या, उम्म राकान! राकानला नवीन सदरा शिव. शिवून ठेव. बाप येईल तेव्हा अंगात असू दे.

जदान


लंडन, दोन दिवसांनी

खलाशाची बोट अजून सुटलेली नाही, म्हणून हेही त्याच्याकडं देतो. दोन्ही पत्रं एकदम मिळतील. सदऱ्याचं आधी वाचाल आणि मग हे. काय करू.

अबू शामा आला. बरोबर दोन वरिष्ठ होते. मी आधी माझा पेला प्यायलो, मग अमीरला दिला, मग त्याला. त्यानं पेला घेतला, ओठालाही न लावता गालिच्यावर ठेवला, नीट, दोन्ही हातांनी. मग पाठ ताठ करून आपल्या बोलीत म्हणाला, "अमीर जर्राह, हा पेला तुमच्याकडं काही मागतो."

शुक्री एफंदींना खोकायलाही वाव नव्हता. बोली आपलीच होती.

अमीरचा चेहरा राखेसारखा झाला. तरी हात छातीवर गेला. "प्या," तो म्हणाला. "ज्यासाठी आलात ते दिलं."

अबू शामा प्यायला. आणि म्हणाला, "अबू हरमलच्या विहिरीशी विमानं उतरवायला आम्हाला जागा हवी आहे."

मुतलकचं नाव त्यानं घेतलं नाही.

माझ्या हातात कॉफीचा चंबू होता. मी पुन्हा ओतलं. दुसरं काय करायचं ते मला माहीत नव्हतं, पेला रिकामा होता, मी ओतलं. ते लोक कागदावर सह्या करत होते आणि मी ओतत होतो.

जिन्यात तो माझ्यासाठी थांबला होता. निदान तेवढं केलं त्यानं. "मी सरकारचा नोकर आहे रे, जदान. ही जागा वर्षभर मागत होते, मिळत नव्हती. तू सांगितलंस म्हणून सुचलं, खोटं कशाला बोलू. तुझं काम पुढच्या भेटीत."

"एक पेला एकदाच ठेवता येतो, अबू शामा."

"हो," तो म्हणाला. "तेही मला माहीत आहे."

विहिरीचं गावात बोलू नका. बोलून उपयोग नाही, आणि बोलणारा पकडला जाईल.

जदान


वॉर्सा, रबी-उल-अव्वल

उम्म राकान,

तुझं उत्तर येणार नाही हे आता मला कळलंय. तरी हात ऐकत नाही.

बर्लिनमध्ये मी आजारी होतो म्हणून लिहिलं नाही. खरं म्हणजे आजारी नव्हतो. मरजाननं मला दोन दिवस बत्ता कुटायला बसवलं आणि दुसऱ्याला ओतायला लावलं. त्याला सगळं कळलं होतं. मी सांगितलं नव्हतं. तो फक्त म्हणाला, "तू ज्याला रीत शिकवलीस त्याला ती आधीच येत होती. फक्त वेळ माहीत नव्हती."

इथल्या मुलखात आपल्या रक्ताचे घोडे आहेत. यांच्या पणज्या आपल्याच लोकांनी विकल्या होत्या म्हणे. अमीरनं आपलं कपाळ एका पांढऱ्या घोडीच्या कपाळाला लावलं आणि बराच वेळ काढलंच नाही. सगळे यजमान टाळ्या वाजवायला लागले. त्यांना वाटलं, त्याला आनंद झाला.

आणि इथं मुसलमान आहेत! शेकडो वर्षांपूर्वी आलेले तातार, डोळे बारीक, टोप्या काळ्या, अरबी येत नाही पण नमाज येतो. त्यांचे म्हातारे अमीरला भेटायला हॉटेलात येणार म्हणून मोठी बैठक मांडली. मरजान मला म्हणाला, "आज तू ओत. आता बरा दिसतोस."

मी बरा नव्हतो. मी ठरवलं होतं.

बैठक भरली. अमीर मध्ये, उजवीकडं तातार म्हातारे, डावीकडं आपले लोक, मागं फह्हाद. मी पहिला पेला भरला. माझा पेला. सगळ्यांदेखत प्यायचा असतो तो. मी तो उचलला, प्यायलो नाही, आणि गुडघ्यावर बसून अमीरसमोर गालिच्यावर ठेवला.

मरजान म्हणाला होता, ज्यानं प्यायली त्याला ठेवायला काय उरतं. म्हणून मी प्यायलोच नाही. मला वाटलं, आता मी पाहुण्यासारखा झालो. इतके दिवस एवढंच सुचत नव्हतं, असंही वाटलं.

उम्म राकान, मी किती मूर्ख! ओतणारा आपला पेला पीत नाही याचा अर्थ एकच. फह्हादचा खंजीर म्यानातून निघाला तो आवाज मी ऐकला. कुणीतरी ओरडलं, "विष!" तातार म्हातारे उभे राहिले. एकानं आपल्या नातवाला मागं ओढलं. माझ्या मानेवर फह्हादचा गुडघा होता आणि तोंड गालिच्यात. मला ओरडून मुतलकचं नाव घ्यायचं होतं. पण गालिचा तोंडात होता.

तेवढ्यात अमीरचा आवाज आला. "सोड त्याला."

मी मान वर केली. अमीरनं तो पेला उचलला होता. माझा पेला. सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि एका घोटात प्यायला. शेवटचा थेंबही.

मग जीभ टाळ्याला लावून म्हणाला, "वेलची जास्त झालीय. पोराला लाज वाटली म्हणून प्यायला नाही. मरजान, म्हातारा झालास तू, हात आखडता घेत जा."

शुक्री एफंदी मोठ्यानं हसले. मग आपले सगळे हसले. मग कळल्यावर तातारही हसले.

"ओत," अमीर मला म्हणाला. "पाहुणे थांबलेत."

मी उठलो आणि ओतलं. तातार म्हाताऱ्यांनी एकेकानं पेला हलवून परत दिला. त्यांनाही ती रीत कशी कोण जाणे येत होती.

जदान


काळ्या समुद्रावर, बोटीत

उम्म राकान,

हे शेवटचं पत्र. इस्तंबूलहून आपल्याकडचा एक खजुराचा व्यापारी निघेल, तो तुझ्या हातात देईल. मुल्लासाहेब, हे हळू वाचा. आणि राकान झोपल्यावर.

काल संध्याकाळी अमीर कठड्याशी उभा होता. मी पेला घेऊन गेलो. तो म्हणाला, "खाली ठेव तो. मला नको. तुलाही नको. बोल."

मी म्हटलं, "अमीरसाहेब, तुम्ही माझा जीव वाचवलात."

"त्यासाठी बोल म्हणालो नाही. कुणासाठी ठेवला होतास पेला?"

"मुतलकसाठी. अबू हरमलचा मुतलक. माझ्या बहिणीचा नवरा."

तो माझ्याकडं वळला. "मला वाटलंच होतं. बैठकीत तू माझ्याकडं पाहिलंस तेव्हाच कळलं, विष घालणारा असं बघत नाही."

"मग तेव्हा 'दिलं' का नाही म्हणालात?"

मी हे विचारलं, उम्म राकान. कसं विचारलं ते माहीत नाही.

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "जदान, तू रोमपासून माझ्याशेजारी उभा आहेस. मी स्वतःहून एखादी गोष्ट कुणाला दिलेली पाहिलीस? माझ्याकडून काढून घेतली ती सोडून? मी 'दिलं' म्हणालो असतो आणि घरी जाऊन बाप 'नाही' म्हणाला असता, तर मग तू माझ्या तोंडाकडं कसा बघितला असतास? आणि मी तुझ्या?"

"तुम्ही सुलतानांना सांगितलंत तर..."

"ऐक. इंग्रजांनी आता दुसरा कागद पाठवलाय. विहिरीशी जमीन सपाट होईपर्यंत तिथला मुतलक नावाचा माणूस आतच राहावा, असं लिहिलंय. तो बाहेर आला तर पहिल्या विमानावर गोळी झाडेल म्हणून. बाप ते मोडणार नाही. मीही घरी गेल्यावर मोडू शकणार नाही. जागा मीच दिलीय."

"आणि सपाट झाल्यावर?"

पेल्यातली कॉफी बोटीबरोबर इकडून तिकडं हलत होती.

उम्म राकान, तो कागद का आला, ते तुला कळलंच असेल. जिन्यात मी जे बोललो त्यातून आला. अबू शामाकडं मी गेलो नसतो तर जागा गेली नसती, आणि जागा गेली नसती तर मुतलक कदाचित या हिवाळ्यात सुटला असता. जिन्यातलं मी तुला लिहिलं होतं, पण दोष माझा असं लिहिलं नव्हतं. आता लिहिलं. तू दारात जे म्हणालीस ते तुला परत घ्यायला नको.

आणि आता मी मागूही शकत नाही. ज्यानं आपला जीव वाचवला, त्याच्याकडं दुसरा जीव कोणत्या तोंडानं मागायचा? फह्हाद रोज माझी थट्टा करतो, "काय रे वेलचीवाल्या." मी हसतो.

जाताना अमीर म्हणाला, "एवढं करू शकतो." आणि जे सांगितलं ते तुला सांगतो, नीट ऐक.

किल्ल्याच्या उगवतीच्या भिंतीला, बुरुजाच्या सावलीत, जमिनीलगत हवेचं एक भोक आहे. त्याच्या आत तळघर आहे. तिथं कुणाला थांबू देत नाहीत. पहारेकऱ्याला सांग, अमीर जर्राहनं सांगितलंय, जुम्म्याच्या नमाजानंतर या बाईला बसू द्या. तो बसू देईल. वाकून बोल. राकानला नेलंस तरी चालेल, पण तू बोल, तुझा आवाज त्याला आधी कळेल. उंटांचं सांग, लेकराचे दात पडले ते सांग, सदरा शिवला असशील तर त्याचं सांग. रडू नकोस, तिथं आवाज घुमतो.

मी त्याच्यासाठी मागायला निघालो होतो, आणि मिळालं हे.

माझ्याबद्दल त्यानं विचारलं तर सांग, परमुलखात कामाला आहे.

विहिरीचं त्याला काही सांगू नकोस.

जदान